पपनसाचा वास

लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चूकभूल माफ असावी. पण काल वसतिगृहातला माझा सोबती राजू खाटेवर बसून पपनस सोलत होता, आणि तो वास अजून मनातून जात नाही.

"खा की लेका, फळच हाय," तो म्हणाला.

रक्ताच्या कर्करोगावरची माझी रोजची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि पपनस खाल्लं तर ती रक्तात जास्त चढते, असं डॉक्टरांनी बजावलंय. राजूला हे माहीत आहे, तो विसरतो. मला त्याच्या त्या विसरण्याचाच हेवा वाटतो. भूक लागली की खायचं, एवढी साधी त्याची सवय! माझा घास आधी घड्याळाला विचारतो. रक्त तपासायला दिलं की वाटतं, तिथे माझ्या सगळ्या सवयी कोणीतरी वाचतंय.

गावी आमच्या परसातही पपनसाचं झाड आहे. आई आणि धाकटी बहीण मीठ लावून फोडी खात असतील, या विचाराने मी त्यांच्यावरही जळलो.

संध्याकाळी आईचा फोन आला. दवाखान्यात घरचाच नंबर दिलेला आहे.

"रिपोर्ट बरो इलो रे! पण गोळी चुकवू नको हां."

मी विचारलं, "यंदा पपनसां गोड आसत?"

"कोणाक ठावक? झाडाखाली पडान कुजली. तुका चलत नाय, तर आमी कशी खातलों?"