गोड बोलण्याचा आजार

आमचे हे नाशिकच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. भोंग्यावरून गाड्या पुकारायचं काम, पण पुकारायचे ते भांडल्यासारखं. घरीही तोच सूर. भाजीत मीठ कमी, चहात साखर जास्त, आणि अक्कल काय ती फक्त ह्यांना.

ऐंशी सालानंतरचा एक पावसाळा. डोकं दुखतंय म्हणाले, अंगही कोमट लागत होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "भाजी छान झालीय गं." मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून!

स्टँडवर तर कहरच केला. "सटाण्याच्या प्रवाशांनो, सावकाश या, पोरंबाळं सांभाळा, गाडी आपलीच आहे," असं भोंग्यावरून सांगितलं म्हणे. लोक घाबरून गाडीत चढेचनात.

सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, "आई, अहो ह्यांना बरं नाहीये."

"माझं पोरगं सुधरलं, ते तुला बघवंना होय?"

मी ह्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. तक्रार काय, तर माझ्याशी नीट बोलतात. डॉक्टर पोट धरून हसले. तापाच्या गोळ्या दिल्या, वर म्हणाले, "नशीब काढलंत, बाई." असा संताप आला! संसार मी केला होता ह्या माणसाबरोबर, डॉक्टरांनी नव्हे.

संध्याकाळी ह्यांना फिट आली.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मात्र हसले नाहीत. वागण्यात काय बदल, कधीपासून, सगळं खोदून विचारलं. मी भाजीचं कौतुक सांगितलं, त्यांनी तेही लिहून घेतलं. मेंदूला सूज असावी, म्हणाले, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. सासूबाई आडव्या आल्या. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो!

"पडू देत लुळे. मी करीन सगळं. पण जिवंत हवेत मला," मी ओरडले, आणि सही केली.

सूजच निघाली. कुठल्यातरी विषाणूमुळे, नेमका कोणता ते सांगता येत नाही, म्हणाले. सलाईन, सुजेवरची इंजेक्शनं, फिटची औषधं चालू झाली. कितीतरी दिवस हे नुसते पडून होते. मग एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि, "हा चहा आहे की फरशी पुसलेलं पाणी?"

अख्खा वॉर्ड दचकला. डॉक्टर खूश झाले. सासूबाईंचं तोंड उतरलं. "थोडी सूज ठेवता नाही का येणार हो?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

ह्यांना त्या दिवसांतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते सगळं आता एकट्या माझ्यापाशीच राहणार होतं.

"काय बोलत होतो गं मी?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. तापात बरळत होतात," मी म्हटलं, आणि हुंदका काही आवरला नाही.

"रडायला काय झालं? मेलो का मी?" हे खेकसले.