थायलंडच्या धानावरचा माझा संशय

मागच्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या बाजारात माझी बायको उभ्याउभ्या खाली पडली. ऊन लागलं होतं. धानोऱ्याकडच्या जंगलात, आरोग्य उपकेंद्रांवर नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली बाई. जन्मभर दुसऱ्यांना सलाईन लावली, त्या दिवशी तिलाच लावावी लागली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा उन्हाळा यांना इथं काढू देऊ नका. दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

थायलंड आमच्या घरात शिरलं ते असं. त्याआधी तो देश मला फक्त भाताच्या वाणांमुळं माहीत होता.

कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र आता तिकडं असतो. गडचिरोलीतल्या शिंप्याच्या घरातला. शिकला, बियाण्याच्या कंपनीत लागला, कंपनीनं तिकडं पाठवलं अन् निवृत्त झाल्यावर नवराबायको तिथंच राहिले. बायकोच्या तब्येतीचं त्याला जानेवारीत कळलं अन् लगेच त्याचा फोन आला. "भाभीले घेऊन ये बे इकडं. समुद्र वीस मिनिटांवर आहे. पारा छत्तीसवर गेला का इथले लोक बोंबलते. निवृत्त माणसाले वर्षभराचा व्हिसा भेटते. माझ्या बाजूचं घर खाली होऊन राह्यलं, मी मालकाले थांबवून ठेवतो."

बायको त्याच दिवशी कपाटावरची बॅग खाली काढून पुसायला बसली. मी मात्र विचारात पडलो. चाळीस वर्षांत वर्षातून दोनदा फोन करणारा माणूस एकाएकी घर दाखवतो, मालक थांबवतो. काऊन?

माझा स्वभाव असा आहे अन् त्याची मला लाज नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. गावात कोणाच्याही घरी सरकारी पत्र आलं की वाचायला मला बोलवायचे. पुढं नोकरीही तशीच लागली, भात संशोधनात तांत्रिक सहायक. कोणी पिशवीत बियाणं आणून अमुक वाण आहे म्हणालं, तरी मी दाणा तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय मान हलवली नाही. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघालं.

म्हणून मित्राला मी म्हटलं, व्हिडिओ पाठव. घराचा, रस्त्याचा, आजूबाजूचा.

आला. छोटं घर, निळी कौलं, पुढं पपईची झाडं. बायको म्हणाली, "किती साफ आहे." मी ते पाहतच नव्हतो. घराच्या मागं धानाची खाचरं, आमच्या भाषेत बांध्या, होत्या अन् माझा डोळा तिथं अडकला. एका बांधीत बाया वाकून एकेक रोप चिखलात लावत होत्या, रोवणा चालला होता. मधे हातभर रुंदीचा धुरा, मातीचा बांध. धुऱ्याच्या पलीकडच्या बांधीत धान पिकून पिवळाजर्द, लोंबी वाकलेली.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आपल्याकडं मृग लागला की पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायची, आखाडात रोवणा, दिवाळीच्या मागंपुढं कापणी. उन्हाळी धान घेणारेही नहराचं पाणी सुटलं की एकदमच लावतात. शिवारात दोनचार दिवसांचा फरक. मी स्वतः गावोगावी सभा घेऊन सांगितलं होतं की सगळ्यांनी एकाच वेळी रोवा, नाहीतर एकाच्या बांधीतले तुडतुडे दुसऱ्याच्या बांधीत जातात. आणि इथं रोवणा अन् कापणी एका धुऱ्याला टेकून! चार महिन्यांच्या अंतरानं घेतलेली दोन चित्रं जोडल्याशिवाय हे होऊच शकत नाही, अशी माझी पक्की खात्री झाली.

तो व्हिडिओ मी चहाच्या टपरीवर आमच्या कार्यालयातल्या जुन्या चपराशाला दाखवला. तोही धानवालाच. त्यानं चष्मा वर केला अन् म्हणाला, "साहेब, हे तं बनावट आहे. असं कुठी होते? घर तरी असन का नाई, पाहा." तेवढं मला पुरे झालं.

पुढचे पंधरा दिवस मी मित्राला एकेक प्रश्न पाठवत राहिलो. घराच्या मालकाचं नाव काय, तो तुझा कोण लागतो, तू यात मधे कशाला. तो उत्तरं द्यायचा, आधी लांब, मग तोकडी. तोकडी झाली तसा माझा संशय वाढला. बायको लाखोळीची डाळ निवडत बसायची अन् मधूनच विचारायची, "अवो, हो म्हणाले का तुम्ही त्याईले?" मी म्हणायचो, तपासून राह्यलो.

शेवटी एका दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला अन् सरळ म्हणालो, "तू दोन वेगवेगळ्या महिन्यांचे व्हिडिओ जोडले. मी भातातला माणूस आहो. मले शिकवू नको."

तो आधी हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. "अबे, इथी बारा महिने पाणी असते. ज्याले वाटन तो वाटन तेव्हा रोवते. एकाचा रोवणा, दुसऱ्याची कापणी. तू भात शिकला, मी बी भातच विकला ना जिंदगीभर?"

"मंग पुरावा दे."

त्यानं फोन ठेवला. तासाभरानं एक फोटो आला. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा असलेला तो, डोक्याला टक्कल, घामेजलेला. एका हातात तीन गोष्टी: पऱ्ह्यांची जुडी, लोंबी अजून पोटातच असलेलं, पोटरीवर आलेलं ताट अन् पिकलेली लोंबी. मागं तोच धुरा, तेच निळ्या कौलांचं घर. खाली एक शब्दही नव्हता.

मी फोटो मोठा करून लोंबीतले दाणे पाहिले. ताजी तोडलेली होती. बारा महिने पाणी असलं की धान केव्हाही लावता येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण डोळ्याला सवय सिंदेवाहीच्या शिवाराची, अन् मी पुस्तकापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला तो माझ्या बायकोला. मालकानं पंधरा दिवस वाट पाहून घर एका जपानी म्हाताऱ्या जोडप्याला दिलं होतं. तिनं "बरं भाऊ" म्हणून फोन ठेवला अन् माझ्याकडं वळली.

"तीस वर्षं मी लोकाइच्या घरात गेली, जंगलात, कोणाच्याबी. कोणाले पुरावा मागतला का? बोलावलं का गेली. तुम्हाले बोलावणारा दिसत नाई, धान दिसते."

मी लोंबीचा तो फोटो बंद केला.

"यंदाचा उन्हाळा मी इथी काढत नाई," ती म्हणाली. "घर नसन तं त्याईच्या घरी राहीन. तुम्ही बसा तपासत."

तिचा व्हिसाचा अर्ज मीच भरायला घेतला, कारण असे कागद आमच्याकडं मीच भरतो. अर्जासोबत तिथल्या ओळखीच्या माणसाचं पत्र लागत होतं. ओळखीचा माणूस एकच होता. दोन दिवस मी तो कागद तसाच ठेवला. मग मित्राला एवढंच लिहिलं: तिच्यासाठी पत्र पाठव.

चारच दिवसांत पत्र आलं. "आमच्या घराची वरची खोली यांच्यासाठी आहे," असं त्यात होतं. नाव फक्त बायकोचं. मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. माझं नाव कुठंच नव्हतं.

"तुम्ही मागतलंच नाई ना," बायको म्हणाली. "त्याईनं मागतलं तेवढं देलं."

मार्च लागला होता, दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. मी फोन लावला. त्यानं उचलला, पण हॅलो म्हणाला नाही.

"मलेबी एक पत्र पाठव," मी म्हणालो.

"काऊन?"

"तिच्यासंगं यायचं आहे."

"इथी येऊन माझ्या घराचे पाये खोदून पाहशीन. नाई पाहणार याचा पुरावा काय?"

मी खूप विचार केला. खोटं बोलायची मला सवय नाही.

"नाई माझ्यापाशी पुरावा," मी म्हणालो.

तिकडून, मागून, त्याच्या बायकोचं बोलणं ऐकू आलं, "अवो, पत्रासाठी पासपोर्टवर नाव कसं आहे ते लिहून घ्या त्याईचं, नाईतर पुन्हा भांडण होईन."