सरांनी पुसलेला ठिपका

पालघरच्या कॉलेजात आम्हाला स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्र, शिकवायला एक सर होते. एरवी रुक्ष माणूस, पण कुणाची फजिती करायची असली की खुलायचे. एकदा त्यांनी वर्गाचाच सर्व्हे काढला. स्टॅटमध्ये मार्क कशामुळे कमी-जास्त पडतात? प्रत्येकाने उभं राहून रोज किती तास अभ्यास करतो ते सांगायचं.

बोईसरच्या कॉलनीतल्या मुलींनी बिनधास्त फेकलं. माझी पाळी आली. मी मुरबे गावच्या कोळीवाड्यातली, घरची मासेमारीची बोट. मला खरं बोलायची दुर्बुद्धी झाली.

"सर, ते तिथीवर आहे. पुनव-अवसेला उधाण असतं, बोट भरून येते, तेव्हा पुस्तक उघडत नाही. मधल्या भांगेच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळं भरत नाही, बोट बंदरात. तेव्हा दिवसभर अभ्यास."

वर्ग फिदीफिदी हसला.

"बाईसाहेब पंचांग बघून पास होणार," सर म्हणाले. "सरासरी सांग."

सांगितली. सरांनी फळ्यावर ठिपके मांडले. सगळ्यांचे तिरके वर चढत गेले. माझा एकटाच कोपऱ्यात, तास भरपूर आणि मार्क तळाला. कारण साधं होतं. आधीची परीक्षा ऐन उधाणात आली होती आणि मी बांबूवर बोंबील वाळत टाकत होते. तेच सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी डस्टर उचलून माझा ठिपका पुसला.

"हा काढला की रेषा बघा कशी सुरेख येते!"

टाळ्या पडल्या. त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला. अजूनही वाटतो.

शेवटच्या वर्षी बाकी सगळं सुटलं, स्टॅट राहिला. तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला घेणार होते. पुढच्या परीक्षेपर्यंत जागा ठेवतो म्हणाले, पण पदवी हवीच.

वेळापत्रक मोबाइलवर आलं. मी तारीख मोठ्याने वाचली. आईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"पुनव हाय," ती म्हणाली.

"आई, एवढी एकच परीक्षा."

"गेल्या टायमाला बसलीस, नापासच झालीस ना? मंग आता माल कशाला कुजवू? बोंबील काय तुज्या पेपरासाठी थांबतील?"

मी रडले, भांडले, जेवले नाही. तिने ताट झाकून ठेवलं, एवढंच.

पेपरच्या दिवशी बोट काठोकाठ भरून आली, मी बांबूपाशी बोंबील टाकत. आई फार खूश होती.