कमरेला खोचलेली वात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते — मध्ये हुंकार देऊ नका, नाहीतर मी थांबेन.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. आसेगावाजवळच्या आमच्या गावात माझी तान्ही मुलगी तापानं गेली आणि माझं बोलणंच बंद झालं. जेवण नाही, झोप नाही, नुसती चुलीपुढे बसून राहायचे. थोरली जाऊ म्हणाली, "हिले बाहेरचं लागलं." भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. मी उठून पळू नये म्हणून माझे हात कुणी धरले? जावेनं. पाठीत गुडघा रोवून धरले. पुढे पाणवठ्यावर माझ्या खोकण्याची नक्कल करून तिनं बायांना हसवलं. मी वेडी होते म्हणे — पण ऐकू तर येत होतं ना?

काशीमाय गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी लावायची. तिनंच मला गाठलं. "पोरी, दुपारी मळ्यात ये. मूठभर कापूस आन, बाकी काही नोको."

गेले. आंब्याखाली देवीचा ओटा, त्यावर पाच-सहा बाया वाती वळत बसलेल्या. कुणाची झोप गेलेली, कुणाला रडं आवरत नव्हतं, कुणाला जीव द्यावासा वाटे. काशीमायचा नेम असा — बोलणारीच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपल्या हातातल्या वातीकडे बघायचं. दिवेलागणीला सगळ्यांच्या वाती देवीपुढे लावायच्या. वात जळाली की ऐकलेलं जळालं. ते गावात न्यायचं नाही.

तिथं मी माझ्या मुलीचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. कुणी धुरी दिली नाही. हळूहळू अन्न गोड लागायला लागलं. त्या ओट्यानं मला वाचवलं — हे आधी लक्षात घ्या, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

पुढे जावेला मुलगा झाला आणि तिचंही तसंच झालं. काशीमायनं तिलाही बोलावलं. ती माझ्या शेजारीच बसली. कापूस घेऊन वात वळायला लागली. मग म्हणाली, "पोराले घेऊन विहिरीवर गेली होती मी. टाकून द्यावं वाटलं. मंग छातीशी असं दाबलं, असं दाबलं — अन् पळतच घरी आली." वातीला पीळ देत म्हणाली, "हिचे हात म्या धरले होते. मले काय मालूम, हे असं असते."

मला दया आली का? नाही. मला मिरच्यांचा वास आला.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी वाती लावल्या. मी माझी कमरेला खोचली. माझी वात जळाली नाही, म्हणजे नेम मला लागू नाही — असं मी स्वतःला पटवलं. घरी जाऊन सासूला सांगितलं, ती पोराला विहिरीत टाकायला गेली होती. एवढंच. छातीशी दाबलं, पळत आली — ते गिळलं. मुद्दाम गिळलं.

सासूनं पोरगा माझ्या ओटीत टाकला. जावेला बैलगाडीत बसवून कारंज्याला माहेरी धाडलं, ती कायमचीच. गाडीत चढताना दुधानं तिची चोळी भिजली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, मान खाली घातली नाही. बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू? पुढे कितीतरी दिवस बरं वाटत होतं.

त्या ओट्यावर परत कुणी बसलं नाही. काशीमाय मला भाजी द्यायची — तोंडाकडे न बघता.

पोरगा माझ्याजवळ वाढला. विहिरीची गोष्ट त्याला गावानं सांगितली, मी सांगितली होती तेवढीच. जाऊ वारल्याचा निरोप आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. म्हणाला, "जिनं मले मारायले नेलं, तिले अग्नी देयाले मी काहून जाऊ?"

मी भाकर थापत होते. उरलेली अर्धी गोष्ट तेव्हा माझ्या ओठांवर होती — अगदी ओठांवर.

मी म्हटलं, "राहू दे. जेवून घे."