दोन कवितांमधले दोन बाप

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कवितेचं भारी वेड. नाशकातल्या एका शाळेत ते मराठी शिकवायचे आणि घरी आले की उरलंसुरलं मला शिकवायचे. ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. आमच्या आळीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी. आईची कुरकुर, शेजारणींचे टोमणे, सगळ्यांना दादा एकटे पुरून उरले होते. म्हणून तर हा माणूस मला देवासारखा वाटायचा. काय बावळट होते मी!

त्या वर्षी दादांनी माझ्याकडून दोन कविता घोटून घेतल्या. एक तीन-चारशे वर्षांपूर्वीची, दुसरी नुकतीच एका मासिकात आलेली. दोन्हींत लेक सासरी निघते. जुन्या कवितेतला बाप गाडीवानाला बैल हाकायला सांगतो आणि लेकीला बजावतो, की आजपासून तू त्यांची, या घराची आशा धरू नकोस. नव्या कवितेतला बाप कासरा धरून गाडी थांबवतो. तुझं मन नसेल तर उतर खाली, मी आहे, असं तिला सांगतो. हे कडवं दादा पुन्हा पुन्हा वाचायचे. मी म्हटलं, जुन्या बापाला लेकीपेक्षा लोकांची काळजी जास्त, नव्याला मात्र लेक दिसते. दादांना हे इतकं आवडलं, की परीक्षेत असंच लिही म्हणाले.

मग एका रविवारी सिन्नरहून पाहुणे आले. दादांनी सांगितलं होतं, की ते मॅट्रिकचे पेपर तपासतात, तुझी तयारी बघतील. बरोबर त्यांची बायकोही होती. पेपर तपासणाऱ्याला बायको कशाला लागते, हे मला तिथंच सुचायला हवं होतं. तिनं मला पाणी आणायला लावलं, माझी चाल निरखली, सुईत दोरा ओवायला दिला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना, कारण गृहस्थ खरोखरच कवितांवर प्रश्न विचारत होते. आणि मी बोलत सुटले. लेकीला न विचारता तिची गाडी हाकणं हा अन्याय आहे, असं मी त्या दोघांना ठणकावून सांगितलं. गृहस्थ मान डोलावत होते आणि दादांचा चेहरा नुसता फुलला होता.

पाहुण्यांचा टांगा हलला आणि आईनं माझ्या तोंडात साखर घातली. पसंत पडलीस, म्हणाली. मुलगा नाशिक रोडला सरकारी नोकरीत होता. त्यांना शिकलेली, चारचौघांत बोलू शकणारी सून हवी होती. मी मॅट्रिकचं विचारलं. आता कसली परीक्षा, म्हणून ती चुलीकडे वळली.

मी तशीच दादांपुढे जाऊन उभी राहिले. 

"दादा, तुम्ही मला फसवलंत?"

"सांगितलं असतं तर तू तोंड उघडलं असतंस का?" ते वर न बघताच म्हणाले. "असं स्थळ पुन्हा चालून येत नाही."

आईनं फसवलं असतं तर मी दादांकडे धावले असते. आता कुणाकडे धावायचं? मी मोरीत जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले.

थोड्याच दिवसांत मुलाची आत्या घोटीहून आली. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. पोरगी काय ते कवितेचं बोलते म्हणे, ते तिलाही ऐकायचं होतं. दादांनी मला बोलावलं. मी दोन्ही कविता न अडखळता म्हटल्या. यातली तुला कुठली आवडते गं, असं आत्याबाईंनी विचारलं. नवीच आवडते हो तिला, असं दादाच हसत म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "जुनी. त्यातला बाप निदान खोटं बोलत नाही."

आत्याबाई भलत्याच खूश झाल्या. एवढं शिकूनही पोरीला जुन्याची चाड आहे, छान वळण लावलंत हो, असं त्या दादांना म्हणाल्या. दादांचं हसू मावळलं. ते बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिले. मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. त्यांनी तेव्हा एक शब्द काढला असता, तरी मी सगळं विसरले असते.

त्यांनी घसा खाकरला आणि मला म्हणाले, "आतून पंचांग घेऊन ये."