भामाबाईने भरलेला कॅन

१० एप्रिल १९९७ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणविषयक अधिसूचनेत दुरुस्ती करून ठरावीक प्रकल्पांसाठी जनसुनावणी बंधनकारक केली. पुढल्या हिवाळ्यात इस्लामपूरजवळच्या एका डिस्टिलरीच्या विस्तारावर अशी सुनावणी ठरली. विश्रामबागेतल्या खासगी प्रयोगशाळेत नुकत्याच नोकरीला लागलेल्या प्रबुद्धला वाटले, आपल्या वस्तीचे गाऱ्हाणे आता सिद्ध करता येईल. डिस्टिलरीचे सांडपाणी ओढ्यात सुटले की बुद्धविहारामागची विहीर तांबडी होई. पण ते कधी सुटेल याचा नेम नसे. म्हणून त्याने चुलतीपाशी, भामाबाईपाशी, स्वच्छ कॅन ठेवला. "काकी, पाणी तांबडं झालं की भरायचं आन् यष्टीनं धाडायचं."

कॅन आला. पाणी नितळ होते. प्रबुद्धने पुन्हा तपासले, तरी आकडे निर्दोषच. वस्तीतला म्हणून आपण पक्षपाती ठरू, या धास्तीने त्याने शंकेचा एक शब्दही न जोडता अहवालावर सही केली आणि तो सुनावणीच्या कार्यालयाकडे रीतसर पाठवून दिला.

सुनावणीत डिस्टिलरीच्या व्यवस्थापकाने तोच अहवाल मोठ्याने वाचला. मंडपात हशा पिकला. वस्तीचे म्होरके नाथाजी मागे वळले. "काय रं प्रबुद्धा, किती बाटल्यांवर इकलंस आमाला?"

भामाबाई मात्र खुलली होती. ती त्याच्या कानाशी लागली. "राखलं का न्हाई तुजं नाव? आरं, आपल्या हिरीचं नासकं पाणी तुज्या सायबाफुडं कसं धाडू? नाकं मुरडली असती त्येनी. वरच्या आळीच्या बोअरचं मागून भरलं. आता देत्यात की त्ये."

त्याच आळीत तिच्या आईच्या ओंजळीत लांबून, वरून पाणी ओतत असत.

प्रबुद्ध उठला. "साहेब, तो नमुना विहिरीचा नाही."

"सही तुमचीच ना?" सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले. "मग फसवलं कोणी तुम्हाला?"

सगळ्या माना वळल्या. भामाबाई पदर सावरून कौतुकाने त्याच्याकडे पाहत होती. प्रबुद्ध खाली बसला.

विस्ताराला मंजुरी मिळाली. नवा नमुना घ्यायला तो स्वतः गेला, तेव्हा गाळ साचला म्हणून विहीर मुरूम टाकून बुजवलेली होती. पुढे नोकरी सोडून तो पुण्याला पर्यावरण कायदा शिकायला गेला. लोक याला जिद्द म्हणतात. त्याला स्वतःला दुसरे काही सुचले नव्हते, इतकेच.

त्या हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यात नेमके काय होते आणि ते पिणाऱ्यांचे काय झाले, हे ठाऊक नाही. कॅनमुळे काय घडले ते भामाबाईला कधी उमगले का, हेही कळलेले नाही. प्रबुद्धने तिला विचारले नाही.