जाऊ द्या, काकू

बदली होऊन रायपूरला आलो तेव्हा चौबे कॉलनीत घर पाहायला गेलो होतो. घरमालकीण यवतमाळकडच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावरही त्या इथंच राहिल्या. खाली त्या एकट्या, वरचा मजला भाड्यानं द्यायचा. चहा पुढं ठेवून त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी खरेखुरे ख्रिश्चन आहे का?"

"हो, काकू."

"मंग असे वऱ्हाडी काहून बोलून राहिले?"

मी सांगितलं की आम्ही अमरावतीकडचे. आजोबाही तिथलेच. घरात हीच भाषा, बायबलही मराठीतच वाचतो. काकूंचं समाधान झालं नाही. घर मात्र त्यांनी दिलं. पहिल्या नाताळाला बायकोनं खाली करंज्या आणि चकल्या पाठवल्या, तेव्हा त्यांचा उरलासुरला विश्वास उडाला. "हे तर आमच्याकडं दिवाळीले असते," असं म्हणत त्यांनी त्या आवडीनं खाल्ल्या. पुढच्या वर्षी बायकोनं केक केला. तो खालून करपला होता, पण काकूंनी तीन शेजारणींना बोलावून दाखवला.

हळूहळू त्यांचा पुरावा केकवरून माझ्या वागण्यावर आला. मी दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, रविवारी इस्त्रीचे कपडे घालून देवाला जातो, हे त्या बघत होत्या. कोणी आलं की सांगायच्या, "वरचे खरे ख्रिश्चन आहेत. खोटं बोलनार नाही." जिन्यात हे कानावर पडलं की मी उगाच हळू पावलं टाकत वर जायचो, म्हणजे आणखी एखादं वाक्य ऐकू यावं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. आमच्या चर्चच्या पाळकांनी मला तरुण मुलामुलींसमोर बोलायला सांगितलं. रविवारची उपासना झाली की ही पंधरा-वीस मुलं मागच्या खोलीत बसतात. विषय त्यांनीच दिला होता, सच्चा मसीही कौन, म्हणजे खरा ख्रिस्ती कोण. इथली उपासना हिंदीत होते, त्यामुळे मला हिंदीची धास्ती होती, विषयाची अजिबात नव्हती. शनिवारी मला सुट्टी होती. बायको शाळेत शिकवते, ती सकाळीच गेलेली. मी वही घेऊन बसणार तोच नळाचं पाणी गेलं. टाकी रिकामी झाली होती.

मोटर चालू-बंद करायचं काम खरं तर काकूंच्या कामवाल्या बाईचं. बाई छत्तीसगढी, चाळिशीची, फार न बोलणारी. त्या दिवशी ती आणि काकू पहाटेपासून गच्चीवर होत्या. काकूंच्या कुरडया चालल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून चीक काढलेला, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, सगळी धावपळ. म्हटलं, त्यांना कशाला हाक मारा. मोटरचं बटण आमच्या दाराबाहेर जिन्यातच आहे. मीच ते दाबलं आणि आत येऊन लिहायला बसलो.

लिहिणं छान जमलं. पहिला मुद्दा प्रेम, दुसरा क्षमा, तिसरा लहान गोष्टींतला खरेपणा. तिसऱ्या मुद्द्यावर मी फारच रंगलो. दीड तास कसा गेला कळलं नाही. मग गच्चीवरून काकूंचा आवाज आला आणि मला एकदम मोटरची घरघर ऐकू आली.

मी बटण बंद करून वर धावलो. टाकी भरून वाहत होती. गच्चीच्या उतारानं पाणी थेट जुन्या साड्यांवर मांडलेल्या कुरडयांत शिरलं होतं. पांढऱ्याशुभ्र जाळीदार चकत्यांची पुन्हा खळ झाली होती. चहाला खाली जाऊन नुकत्याच वर आलेल्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाई खाली भांडी घासत होती, ती हात पुसत वर आली.

"मोटर लावून विसरली ना तू?" काकू म्हणाल्या.

"मैं मोटर नइ चलाए हंव, दाई."

"मंग कोनं चालवली? आपोआप चालली?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. "काकू, मी लावली," एवढंच वाक्य. ते जिभेपर्यंत आलंही होतं. पण काकू पुन्हा बोलायला लागल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "जाऊ द्या, काकू. होतं कधी कधी."

"पाह्य," काकू माझ्याकडं बोट करत बाईला म्हणाल्या, "यायचं मन कसं मोठं आहे. आन् तू चूक करून वरून खोटं बोलते. उद्यापासून येऊ नको."

बाईनं ओल्या साड्या पिळल्या, काठीवर टाकल्या आणि निघून गेली. मी काकूंना रिकामी पातेली खाली न्यायला मदत केली. त्याबद्दल त्यांनी माझे आभारही मानले.

दुपारी बायको आली. जेवताना मी तिला हे सगळं सांगितलं, जरा गमतीच्या सुरात, कुरडयांची खळ कशी झाली ते हातानं दाखवून. ती हसली नाही.

"मग तुम्ही सांगितलं ना काकूंना?"

"सांगणार आहे. त्यांचा राग उतरू दे. सोमवारपर्यंत त्या स्वतःच बोलावतील तिला."

"आत्ता जिन्यात भेटल्या मला. दुसरी बाई बघायला सांगितलीय." तिनं ताकाचा पेला माझ्याकडं सरकवला. "उद्या तुमचं भाषण आहे ना?"

यानंतर ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला वाद घालता आला असता.

रविवारी उपासना संपल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. मुलं प्लास्टिकच्या खुर्च्या गोल करून बसली होती. प्रेमावर बोललो, क्षमेवर बोललो. तिसरा मुद्दा वाचायला घेतला तेव्हा समोरची एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अंकल, कोई एग्ज़ाम्पल दीजिए ना. अपनी लाइफ़ का."

प्रश्न साधा होता. तिला नोंदवहीत काहीतरी लिहायचं होतं एवढंच. पण माझ्या वहीत माझं स्वतःचं उदाहरण एकही नव्हतं, सगळी दुसऱ्यांची होती. मी वही मिटली आणि कालचं सांगितलं. कुरडया म्हणजे काय हे समजावण्यात थोडा वेळ गेला. "जाने दीजिए, काकी" या वाक्याला सगळे हसले. मग हसणं थांबलं.

"फिर आंटी को बताया आपने?" त्या मुलीनं विचारलं.

"नहीं."

"और वो दीदी?"

"घर पे होगी."

कोपऱ्यातल्या एका मुलानं घड्याळ पाहिलं आणि अगदी आदरानं म्हणाला, "अंकल, तो आप चले जाइए ना. प्रार्थना हम लोग कर लेंगे."

इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी घालवलं नव्हतं. मी उठलो. बाहेर बायको स्कूटरपाशी उभी होती. "इतक्यात संपलं?" तिनं विचारलं. म्हटलं, "संपवलं त्यांनी." रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात मी थोडा बरा माणूस दिसत होतो. शेवटी सगळी सोडून दिली.

काकू दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर पायरीवर बसलो. "काकू, मोटर मीच लावली होती. लिहीत बसलो, विसरलो. बाईची काही चूक नाही."

त्यांचे हात थांबले. "मंग काल 'जाऊ द्या' कोनाले म्हनत होते तुमी?"

मी पायरीवर पडलेली मेथीची पानं गोळा करू लागलो.

"कुरडया गेल्या तर गेल्या. गहू पुन्हा भिजवता येते." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पन त्या बाईले मी तुमच्यासमोर खोटारडी म्हटलं. तुमी आयकून घेतलं." आत जाऊन चपला घालून आल्या. "काढा तुमची गाडी. तिचं घर मले माहीत आहे."

काकू स्कूटरवर कधी बसल्या नव्हत्या. एका हातानं त्यांनी माझा खांदा धरला होता, दुसऱ्या हातानं डोळ्यांवरचा पदर. प्रत्येक गतिरोधकाला मला चिमटा बसत होता. तो त्या घाबरून काढत होत्या की रागानं, हे मी विचारलं नाही. बाईचा पारा, म्हणजे तिची वस्ती, तलावाच्या मागं होता, गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेरच लावावी लागली. बाई ओसरीत बसून तांदूळ पाखडत होती. तिनं आम्हाला पाहिलं, उठून आतून खाट आणली आणि पुन्हा सुपाशी बसली.

मी उभ्यानंच सांगितलं. हिंदीत, थोडक्यात. मोटर मी लावली, मी गप्प बसलो, चूक माझी.

"हव," ती म्हणाली. "मोला पता रिहिस." तिला ते माहीतच होतं.

ती चिकाचं पातेलं घेऊन खाली येत होती तेव्हा तिनं मला बटण दाबताना पाहिलं होतं. मी बंद करीन, असं तिला वाटलं होतं.

"मंग काल बोलली काहून नाही तू?" काकू म्हणाल्या.

बाई सूप हलवत राहिली. "मोर बात ला कोन मानतिस?"

माझं कोण ऐकलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मला एकाएकी काकूंची ती जिन्यातली वाक्यं आठवली, जी ऐकायला मी पावलं हळू टाकत होतो. मी खरा असल्याचा एवढा गवगवा झाला होता की माझ्यासमोर तिचं खरं चाललं नसतं. आणि तिला हे आधीच ठाऊक होतं, मला मात्र तिच्या ओसरीत येऊन कळलं.

काकू खाटेवरून उठून तिच्याजवळ खाली बसल्या. "मी बी भडकलीच," त्या म्हणाल्या. "इचाराले पायजे होतं मी." एवढं बोलायलाही त्यांना जड गेलं, हे दिसत होतं. सुपातले खडे त्याही वेचायला लागल्या. खडे वेचून होत आले तेव्हा बाईनं सांगितलं की तिनं दुसरीकडं सकाळचं काम धरलंय, शब्द दिलाय. काकूंकडं ती नवानंतर येईल. आणि मोटरला हात लावणार नाही.

काकूंनी मान हलवली. मी म्हणालो, मोटर माझ्याकडं. तेव्हापासून ती माझ्याकडंच आहे. फोनवर गजर लावतो.

पुढच्या रविवारी मुलांनी मला पकडलं. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. "दीदी ने माफ़ किया?" त्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, तिला तसं विचारणं म्हणजे तिच्याकडून आणखी काही मागणं झालं असतं. मग त्यांचा सहलीचा विषय निघाला आणि मला डब्यांची यादी करायला बसवलं. सच्चा मसीही कौन याचं उत्तर त्या खोलीत दिलं गेलं नाही. मला विचाराल तर, एखाद्या माणसासमोर खरं बोलायला दुसऱ्याला भीती वाटू नये, एवढं तरी त्यात असावं. हे मला वही घेऊन बसलो असताना सुचलं नव्हतं.

काकू आता कुणाला माझ्याबद्दल सांगताना, "वरचे बरे आहेत, विसरभोळे आहेत," असं म्हणतात. मला ते जास्त हलकं वाटतं. बाई मला आधी भैया म्हणायची. त्या दिवसापासून साहब म्हणते. कामापुरतं बोलते, नीट बोलते. बायको एकदा म्हणाली, तिला सांगा ना, भैया म्हण म्हणून. मी सांगितलं नाही. ते तिनं ठरवायचं आहे.